फुटलेली भाकरी घरच्यांची

आई, मी आपल्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे आणि वहिनीवर रुसले आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर, डोकं पांढरं झाल्यावर नणंदेनं भावजयीवर रुसून ओट्यावर येऊन बसावं, हे काही शोभत नाही. पण रुसले आहे खरी. कारण एवढंच की आज दुपारी तिनं माझ्या ताटात अख्खी भाकरी वाढली. गोल, फुगलेली, कुठं चीर नाही, वर लोण्याचा गोळा. आणि वाढताना म्हणाली, "घ्या, पाव्हनं." बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बाई, चांगली भाकरी मिळाली की, तुला झालंय काय? पण तुला समजावून सांगायला नको. आपल्या घरात तव्यावरची अख्खी भाकरी पाहुण्याच्या ताटात जाते आणि तुटलेली, चिरलेली, काठाला करपलेली घरच्यांच्या. नाचणीच्या पिठाला उकड नीट बसली नाही की भाकरी तव्यावर टाकतानाच तुटते, त्यामुळं घरच्यांना तशी भाकरी कधी कमी पडली नाही. मग मी शिकायला पुण्याला गेले, संख्याशास्त्र शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, आणि कधीतरी तू माझ्या ताटात अख्खी वाढायला लागलीस. तेव्हा मला तो मान वाटला होता. चार बुकं शिकलं म्हणून अक्कल येतेच असं नाही.

माझं काम काय ते तुला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि त्याबद्दल तुझी तक्रारही नव्हती. विंझरच्या दुकानात कुणी विचारलं की तू सांगायचीस, "माझी लेक पुन्यात लोकांची डोकी तपासती." मी म्हणायचे, अगं, डोकी तपासणारा डॉक्टर वेगळा. मी गावोगाव फिरते, माणसांना विचारते, झोप लागते का, जेवण जातं का, रडू येतं का, कशात मन लागतं का. मग सगळ्यांची उत्तरं एकत्र करून हिशेब मांडते, की कुठल्या भागात किती माणसं मनानं आजारी आहेत. म्हणजे डॉक्टर कुठं पाठवायचा ते सरकारला सांगता येतं. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "म्हंजे डोकीच की." एकदा मात्र तू विचारलंस, येवढ्या मान्सांना कवा इचारून व्हनार? मी म्हणाले, सगळ्यांना नाही विचारत, काही जणांनाच. ते तुला ताबडतोब पटलं. "शितावरनं भाताची परीक्षा, व्हय ना?" म्हणालीस. मी पुढं कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला तुझंच हे बोलणं ऐकवलं. पण शीत डोळे मिटून काढायचं असतं, वरचं फुललेलं बघून निवडायचं नसतं, हे मी तुला दहादा सांगितलं आणि तू ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलंस.

आपल्या खोऱ्यात पहिल्यांदा पाहणी करायची ठरली, तेव्हा गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यात आपलं गाव निघालं. मी निरोप धाडला की माझ्याबरोबर हाताखालच्या दोन मुली असतील, काही विशेष करू नकोस. तू केलंसच. आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आधी तू अख्ख्या वस्तीतून फिरलीस, एकही दार सोडलं नाहीस. काय सांगितलंस ते मला नंतर कळलं. "उद्या माझ्या लेकीची परीक्षा हाय. पुन्यावनं मान्सं येनार हाईत. समद्यांनी नीट उत्तरं द्या, गावाचं नाव खाली जाया नगं." झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर बाया इस्त्रीची पातळं नेसून दारात. झोप लागते का? "लई ग्वाड." जेवण जातं का? "जातंय की, न जायाला काय झालं?" रडू येतं का? "अगं बया, रडू कशापायी यील?" जिच्या घरातली भांडणं खालच्या रस्त्यावर एसटीत बसलेल्यांना ऐकू जायची, तीसुद्धा हसत हसत सांगत होती की समदं झ्याक हाय. बरोबरच्या मुली खूश. मला मात्र घाम फुटला होता. आपल्या गावात एवढी सुखी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती.

आणि घराघरातसुद्धा तेच. कुठल्या घरातल्या कुठल्या माणसाला विचारायचं हेही चिठ्ठी टाकूनच ठरायचं, आणि जिचं नाव निघेल तिच्याऐवजी दुसरी चालत नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. पण जिचं नाव निघेल ती नेमकी रानात गेलेली, पाण्याला गेलेली, आणि तिच्या जागी घरातली सगळ्यात चुरूचुरू बोलणारी पदर सावरून पुढं बसलेली. मग आपलं घर आलं. स्वतःच्या घरात मी विचारणं बरं नव्हतं, म्हणून मुलींना पुढं केलं. चिठ्ठी निघाली वहिनीची. तू पापणीसुद्धा न लववता म्हणालीस, "ती म्हायेराला गेलीया. माझं लिवा." मी हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेले, आणि गोठ्यात, म्हशीच्या पलीकडं, पेंढ्यावर वहिनी बसलेली होती.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. तिचे केस विंचरलेले आहेत, पातळ स्वच्छ आहे, आणि ते तिनं नव्हे, तू केलंयस, हे मला बघताक्षणी कळतंय. गळ्यात काळा दोरा. गोठ्याच्या चौकटीला वाळलेलं लिंबू. मी "वहिनी" म्हणते तर ती वर बघत नाही, हातातली काडी मोडते, मग उरलेली मोडते. आत पाळण्यात तिचं पोर रडायला लागलंय आणि तिच्या तोंडावर काही म्हणजे काही हलत नाही. पोराला उचलायला घाईघाईनं जाणारी पावलं तुझी. दादा सकाळीच दुधाचा टेम्पो घेऊन गेलेला, तो तरी काय करणार होता? मला तू दर खेपेला सांगत आली होतीस, वहिनी कामात हाय, वहिनी झोपलीय, वहिनी रानात हाय. आणि मी अख्खी भाकरी खाऊन पुण्याला परत जात होते.

मुलींना चहाला बसवून मी चुलीपाशी आले आणि तुझ्यावर कडाडले. किती दिवस चाललंय हे? मला का नाही सांगितलं? तू भाकरी थापत होतीस, थापतच राहिलीस. "काय सांगायचं? पाव्हन्याच्या ताटात फुटकी भाकर वाढती व्हय कुनी?" मी म्हणाले, मी पाहुणी आहे का? तू उलट माझ्यावरच आलीस. "तुमी लिवून नेनार. बरं, न्या. मग? लिवून नेलं म्हंजे ती पोराला जवळ घेनार हाय का? हितं कोन येनार हाय तिला बगाय? न्हाई ना कुनी? मंग कशापायी माझ्या घरातलं उघडं करू?" आई, मला राग आला होता आणि त्यातला थोडा अजूनही आहे. तू चुकलीच होतीस. तुझ्या त्या फेरीमुळं माझ्या कागदावर आपलं अख्खं गाव ठणठणीत निघालं असतं, आणि ठणठणीत गावाला डॉक्टर कोण पाठवतो? पण तुझा प्रश्न काही खोटा नव्हता. वेल्ह्यात तेव्हा असं कुणी नव्हतं आणि भोरलाही नव्हतं. मी विचारणार, लिहून घेणार आणि एसटीत बसून निघून जाणार होते.

मी म्हणाले, पुण्यात आहेत एक मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई, माझ्या ओळखीच्या. मी घेऊन जाते वहिनीला. बाळंतपणानंतर होतं असं कुणाकुणाला, कुणाची करणी नसते, बाहेरचं नसतं. वेळ लागेल, पण बरी होईल. तू तव्यावरची भाकरी उलटायला गेलीस तर ती मधोमध तुटली. ते दोन्ही तुकडे तू तसेच माझ्या ताटात टाकलेस, वर लसणाची चटणी, आणि म्हणालीस, "खा." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी माझ्या घरात जेवत होते. मला रडू आलं. तू म्हणालीस, "लाकडं वली हाईत, धूर झालाय." काही ओली नव्हती लाकडं.

आपल्या गावाची सगळी उत्तरं मी त्या पाहणीतून काढून टाकली आणि वरच्या साहेबांची बोलणी खाल्ली. त्या आधी आपण पुण्याला गेलो, तू, मी आणि वहिनी, पोराला शेजारणीकडं ठेवून. एसटीत वरच्या धनगरवाड्यातली म्हातारी भेटली. तिनं विचारलं, "कुठं निगाला गं समद्या जनी?" तू म्हणालीस, "डोळं दाखवाय." "कुनाचं?" "माझं." इतकं सरळ खोटं बोलताना मी तुला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी चेलाडी फाट्याला उतरल्यावर तू वहिनीच्या कानाशी लागलीस. "डागदरानं इचारलं तर समदं बरं हाय म्हनायचं." मी मागच्या बाकावरून ओरडले, "आई!" मग तू जरा विचार करून म्हणालीस, "बरं, मंग थोडं बरं न्हाई म्हन." वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला. मला वाटलं तरी तसं.

दवाखान्यात वहिनीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तू देत होतीस, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी तुला गोडीनं बाहेर बसायला सांगितलं. तू बाकावर बसून फणफणत होतीस. "सासूला भाईर काढती, ही असली कसली डागदरीन!" बऱ्याच वेळानं वहिनी डोळे पुसत बाहेर आली. तू विचारलंस, "काय काय सांगितलंस?" ती म्हणाली, "समदं." कितीतरी महिन्यांत तिचा एवढा आवाज आपण ऐकला नव्हता. "माझं बी?" "तुमचं बी." तू तोंड फिरवलंस. मग पदराच्या टोकानं तिचं नाक पुसलंस, शेंबड्या पोराचं पुसतात तसं, आणि म्हणालीस, "चल, जेवून घे." परत निघताना तुला आठवलं की गावाला डोळे सांगितलेत, चष्मा न घेता गेलो तर लोक काय म्हणतील? मी डोक्याला हात लावला. पण तू ऐकतेस कसली! शेवटी डोळे तपासायला नेलं तर खरोखर नंबर निघाला, चांगला मोठा. तू दुकानातच टाळी वाजवलीस. "बग! मी खोटं बोलले न्हवते!" तो चष्मा तू मरेपर्यंत वापरलास, आणि म्हातारी भेटली की मुद्दाम तिच्यापुढं काढून पुसायचीस.

वहिनी बरी व्हायला वेळ लागला. गोळ्या, खेपा, मधेच सगळं सोडून द्यायचा तिचा हट्ट. मला आठवतो तो तुझा फोन, दुकानातून केलेला, मागं टेम्पोचा हॉर्न. मी घाबरले, म्हटलं काय झालं? तू अक्षरशः ओरडत होतीस. "भांडली गं! माझ्याशी भांडली! म्हनली, आत्याबाई, पोराला माझ्या सारकं सारकं उचलू नगा, त्याला सवं लागंल!" सून भांडली म्हणून आनंदानं ओरडणारी सासू त्या दुकानदारानं तरी कुठं पाहिली असणार. ते पोर आता शिरवळला कंपनीत कामाला आहे, मिशा आल्यात त्याला, आणि अजून आईचा ओरडा खातो.

त्यानंतर मी नोकरीत जे केलं ते बहुतेक तुझ्याशी भांडत भांडतच केलं. प्रश्न घेऊन गावात जायचं तर बरोबर उपचार करणारं माणूस पाहिजे, नाहीतर मी जाणार नाही, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, बाई, आपलं काम मोजायचं आहे. मी म्हणाले, माझी आई विचारते, मोजून काय करणार? पुढं पुष्कळ वर्षं कचेरीत मला पाठीमागं 'आईवाल्या मॅडम' म्हणायचे, मला ठाऊक आहे. आणि आदल्या संध्याकाळी गावात कोण फिरून जातं ते मी आधी शोधायला लागले, कारण प्रत्येक गावात तुझ्यासारखी एक असतेच. भाटघर धरणाच्या पाण्याकाठच्या गावात मी अशा एकीला आमच्याबरोबरच घेतलं, तिच्या हातचा चहा प्याले, तिला आधी तिचंच विचारलं. पालीत राजगड चढायला येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालणारी एक बाई भेटली, ती म्हणाली, "गडावनं दमून आलेल्या पोरांम्होरं रडकं तोंड करून कसं चालंल, ताई? हसायची सवंच लागली. आता घरी कुनी नसलं तरी हसती म्या." मग ती पुष्कळ बोलली. माझा हिशेब कधीच अगदी खरा नव्हता, कुणाचाच नसतो, पण दर खेपेला थोडा कमी खोटा होत गेला.

तू गेल्यावर काही वर्षांनी आपल्या खोऱ्यात पुन्हा पाहणी आली, आणि चिठ्ठीत पुन्हा आपलं गाव. मी कपाळाला हात लावला. पण या खेपेला आदल्या दिवशी वस्तीतून वहिनी फिरली. मी सांगितलं नव्हतं, तिची तीच गेली. दारादारात उभी राहून म्हणाली, "बायांनो, खरं काय ते सांगा. म्या सांगितलं व्हतं. मेले न्हाई." बास, एवढंच. दुसऱ्या दिवशी कुणी इस्त्रीचं पातळ नेसलं नव्हतं. काही जणी बोलल्या, काही नाही बोलल्या, दोघीतिघींनी तर हाकलूनच दिलं, आणि आपलं गाव इतर गावांसारखंच निघालं. मला एवढा आनंद झाला की हाताखालची मुलगी म्हणाली, मॅडम, इतकी माणसं आजारी निघाली आणि तुम्ही हसताय? आता वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा एक ताई येऊन बसतात, बोलायला, ऐकायला. आपल्या वस्तीतल्या बाया तिकडं जाताना विचारलं तर अजून "डोळं दाखवाय" म्हणतात. सगळ्यांना कळतं. कुणी पुढं विचारत नाही.

हे सगळं तुला सांगत बसले, आणि आज दुपारचं राहिलंच. तुझे जावई गेले त्याला वर्ष होऊन गेलं, ते तुला तिकडं भेटले असतील नसतील. त्यानंतर लगेच माझी नोकरी संपली. चार दिवस गावाला राहते म्हणून आले ते रमले असं मी सगळ्यांना सांगते. दुपारी वहिनी पीठ मळत होती, मी समोर बसले होते. मान खाली घालूनच तिनं विचारलं, "वन्सं, झोप लागती का?" मी म्हणाले, लागते की, छान लागते. "जेवान?" जातं. "मन लागतंय कशात?" अगं, मला काय झालंय, मी मजेत आहे. माझेच प्रश्न, मी ज्या क्रमानं मुलींकडून घोकून घ्यायचे त्याच क्रमानं, आणि मी आपल्या वस्तीतल्या बायांसारखी इस्त्री करून उत्तरं देत होते. वहिनी "बरं" म्हणाली. तिच्याशेजारी टोपलीत दोन भाकऱ्या होत्या, एक तुटलेली आणि एक अख्खी. तिनं दोन्हीकडं पाहिलं आणि अख्खी उचलून माझ्या ताटात वाढली. "घ्या, पाव्हनं."

आता कळलं ना, मी का रुसले ते? आणि कुणावर, तेही तुला कळलं असेल. हा कागद तुला पाठवायचा नव्हताच. बोलायला एखादीची गरज होती आणि तुझ्याशी बोलणं सोपं, तू आता मधे बोलत नाहीस. आई, मला झोप लागत नाही गं. पहाटे कधीतरी डोळा लागतो आणि लगेच उघडतो, जेवण नुसतं ढकलते, आणि दिवसभर कशात म्हणजे कशात मन नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलं आणि मला विचारल्यावर मजेत आहे म्हणाले. आत वहिनीनं चूल पेटवलीय, थापायचा आवाज येतोय. उठते. तिला सांगते, आणि फुटलेली असेल ती माझ्या ताटात वाढ म्हणते.